चिंकारा उन्हाळ्यात पाण्यावाचून कसा जगतो?
पाणी मिळाले तर चिंकारा (हरणासारखा एक लहान प्राणी) ते पितो. मात्र पाला, गवत, रानफळे आणि त्यांवरचे दव यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर तो बरेच दिवस काढू शकतो, आणि म्हणूनच पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यासारख्या कोरड्या माळरानावर तो टिकून आहे. भर उन्हात झाडाझुडपांच्या सावलीत बसून राहायचे आणि चरायचे ते बहुधा सकाळ-संध्याकाळी किंवा रात्री, असा त्याचा क्रम असतो. खांद्यापाशी जेमतेम ६५ सेंटिमीटर उंचीचा हा प्राणी सहसा एकटा किंवा तिघाचौघांच्या टोळीत दिसतो. चाहूल लागताच तो पुढचा पाय जमिनीवर आपटतो, नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतो आणि उधळतो. थोड्या अंतरावर थांबून मागे वळून पाहण्याची त्याची खोड मात्र शिकाऱ्यांच्या फारच सोयीची आहे.