'अर्थपूर्ण आयुष्य' म्हणावं का?

प्रश्न असा आहे. निवृत्त होणाऱ्या एका सरांच्या मानपत्रात 'अर्थपूर्ण आयुष्य जगलेले आमचे सर' असं लिहिलं होतं. शाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी 'अर्थपूर्ण' काढायला लावलं. म्हणाल्या, उगाच कुणीतरी गालातल्या गालात हसेल. आता विचारणाऱ्यांना दोन शंका आहेत. पैसा म्हणजे 'अर्थ' आणि आशय म्हणजे 'अर्थ' हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत का? आणि 'अर्थपूर्ण' नको तर काय लिहावं?

बाईंचं कान टवकारणं बरोबर आहे. 'अर्थपूर्ण' या शब्दाची आपल्या वर्तमानपत्रांनी पार वाट लावून ठेवली आहे. 'अर्थपूर्ण वाटाघाटी', 'अधिकाऱ्यांचं अर्थपूर्ण दुर्लक्ष', 'ठेकेदाराशी अर्थपूर्ण संबंध'... टेबलाखालून काय सरकलं ते वाचकाला बरोबर कळतं आणि बातमीदाराच्या अंगाशीही काही येत नाही. 'अर्थपूर्ण मौन' तर कोण गप्प बसलंय त्यावर ठरतं: कवीचं वेगळं, नगरसेवकाचं वेगळं. कविता, चर्चा, संवाद अर्थपूर्ण असायला अजून हरकत नाही. माणसाच्या नोकरीच्या कारकिर्दीला मात्र हे विशेषण लावताना मीही दोनदा विचार करीन.

शब्द मात्र एकच आहे. 'अर्थ्यते इति अर्थः', जे मागितलं जातं, ज्याच्या मागे माणूस असतो ते, अशी त्याची एक जुनी फोड देतात. हा मागण्याचा धागा मराठीत आजही जिवंत आहे. विद्या मागतो तो विद्यार्थी, प्रार्थनेतही मागणंच आहे, आणि सरकारी योजनेच्या यादीतला लाभार्थी त्याच कुळातला. हेतू, प्रयोजन हे या शब्दाचं खोड म्हणा. माणूस ज्याच्या मागे लागतो ते धन ही एक फांदी, शब्दाला जे सांगायचं असतं तो आशय ही दुसरी. 'पुरुषार्थ' या शब्दात तर गंमतच आहे. धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चौघांत 'अर्थ' म्हणजे संपत्ती, पण ज्या 'पुरुषार्थ' नावाखाली हे चौघे येतात त्यातला 'अर्थ' म्हणजे प्रयोजन. चारांतला एक आणि चारांचं आडनाव, दोन्ही तोच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हे आणखी जवळून दिसतं. शेवटच्या, म्हणजे पंधराव्या अधिकरणाच्या (ग्रंथाच्या भागाच्या) आरंभीच तो व्याख्या देतो: 'मनुष्याणां वृत्तिरर्थः', माणसांची उपजीविका म्हणजे अर्थ. लगेच पुढे, माणसांनी वसलेली भूमी म्हणजेही अर्थ. नाण्यांची थैली नव्हे, पोटापाण्याची सोय. आणि हे अधिकरण आहे कशाबद्दल? ग्रंथ कसा लावायचा, त्याच्या 32 तंत्रयुक्तींबद्दल, म्हणजे मांडणीच्या आणि अर्थ लावण्याच्या रीतींबद्दल. त्यांतली एक आहे 'पदार्थ', म्हणजे पदाचा अर्थ. एकाच अध्यायात उपजीविकाही 'अर्थ' आणि शब्दाचा आशयही 'अर्थ', आणि त्याला त्यात काही खटकत नाही. (पदाचा अर्थ, मग पदाने दाखवलेली वस्तू, मग खायची वस्तू, असं करत 'पदार्थ' आपल्याकडे स्वयंपाकघरात पोचला.)

ताण दिसतो तो दुसरीकडे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या स्तोत्रात 'अर्थमनर्थं भावय नित्यम्', अर्थ हा अनर्थच असं नेहमी समज, असं आहे, आणि लगेच पुढे, त्यात सुखाचा लेशही नाही. तिथे 'अर्थ' म्हणजे निव्वळ धन. मराठी माणूस मात्र रोजच्या बोलण्यात 'अनर्थ' म्हणताना पैसा मनात आणत नाही. व्यर्थ, निरर्थक, स्वार्थ, परमार्थ, 'अर्थाअर्थी संबंध नाही' यांतही पैसा नाहीच.

आता काय लिहावं. माझं मत 'सार्थक'कडे, पण विशेषण म्हणून नाही. 'सार्थक जीवन' माझ्या कानाला हिंदीकडे झुकलेलं लागतं. मराठीत 'सार्थक' नाम म्हणून जास्त रुळलंय: जन्माचं सार्थक झालं, आयुष्य सार्थकी लागलं. (जुना 'सार्थ' म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडाही, त्याचा म्होरक्या सार्थवाह. माल घेऊन निघालेली माणसं आणि आशय घेऊन आलेली 'सार्थ ज्ञानेश्वरी', शब्द तोच.) त्याहून घरगुती हवं असेल तर 'चीज झालं', 'सोनं केलं'.

एक गोष्ट लक्षात येते. आयुष्य चांगलं गेलं हे सांगताना मराठी सारखी पैशाचीच भाषा उसनी घेते. आयुष्य खर्ची घातलं, सत्कारणी लावलं, सोनं केलं. 'वेचलं' तर खासच. इथलं वेचणं फुलं वेचण्यातलं नव्हे. 'वेच' म्हणजे खर्च. तुकोबांच्या 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी' यातला वेच तोच. धन वेचायचं, आणि त्याच क्रियापदाने शाळेसाठी आयुष्यही वेचायचं. अगदी 'धन्य' हा शब्दही 'धन'वरून आलेला आहे, पण 'धन्य झालो' म्हणणाऱ्याच्या खिशात कुणी हात घालून पाहत नाही.

उलटा प्रवास 'सुख'चा. 'सुखवस्तू घराणं' म्हणजे हसतमुख घराणं नव्हे, पैसाअडका असलेलं घराणं. 'खाऊनपिऊन सुखी' हे स्थळ सांगताना वापरायचं, आणि त्यात मुलाचा स्वभाव कसा आहे याबद्दल अक्षरही नसतं. नोकरी, घर, जमलं तर शेती एवढं त्यातून कळतं. म्हणून मानपत्रात 'सुखी आयुष्य' लिहू नका असं मी म्हणेन. ते सरांच्या पेन्शनबद्दल वाटायचं. 'समाधानी' चालेल. या शब्दाला अजून पैशाने शिवलेलं नाही. समाधानी माणूस श्रीमंत आहे की ओढगस्तीचा, शब्दावरून काही कळत नाही. हिंदीत 'समाधान' म्हणजे तोडगा; आपल्याकडे तो अर्थ शंकासमाधानापुरता उरलाय आणि बाकी सगळं मनाकडे गेलंय.

'कृतार्थ' हाही उत्तम शब्द, ज्याचं प्रयोजन साधलं तो. त्यातला 'अर्थ' पैशाचा असेल अशी शंका कुणालाच येत नाही, म्हणून 'कृतार्थ आयुष्य' बेलाशक लिहा. फक्त मानपत्रांत हमखास होणारी एक गफलत टाळा: 'आम्ही आपले कृतार्थ आहोत' असं लिहून बसतात. तिथे 'कृतज्ञ' हवं. कृतार्थ सर, कृतज्ञ आपण.