रेघ त्याची, रंग धाकट्या भावाचे

प्रश्न : सर, सादर नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे. एलिमेंटरीला त्याला ‘ए’ ग्रेड मिळाली होती. यंदा इंटरमिजिएटच्या सरावात त्यानं केळीचं पान मातकट तपकिरी रंगवलं आणि बाईंनी तो कागद वर्गात सगळ्यांना दाखवला. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रंगीत ठिपक्यांची पुस्तिका दाखवली, त्यातले बरेच आकडे त्याला दिसलेच नाहीत. लाल-हिरव्यात त्याची गल्लत होते म्हणाले. तेव्हापासून रंगपेटी कपाटावर पडून आहे. माझ्या भावालाही हेच आहे, त्यामुळे घरात मला थोडं बोलणंही ऐकावं लागतं. मुलाला अ‍ॅस्टेरिक्स या फ्रेंच चित्रकथामालिकेचं वेड आहे. त्याचा मामा म्हणतो, अ‍ॅस्टेरिक्सचा चित्रकारही रंगांधळा होता. हे खरं, की पोराची समजूत घालायला सांगितलेली गोष्ट? खरं असेल तर तो चित्रकार झाला कसा? घरच्यांनी होऊ कसं दिलं? सोबत मुलानं काढलेला त्याच मालिकेतला धिप्पाड ओबेलिक्स पाठवते आहे.
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, मामा खरं बोलला. तो चित्रकार म्हणजे आल्बेर उदेर्झो. त्याची लाल-हिरव्यात गल्लत व्हायची आणि ते लहानपणीच लक्षात आलं होतं. त्यावर त्यानं केलेला उपाय अगदी साधा होता. रंगांवर नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि चिठ्ठी वाचून रंग घ्यायचा.

त्याची गोष्ट मात्र डोळ्यांच्या आधी हातांपासून सुरू होते. २५ एप्रिल १९२७ रोजी ईशान्य फ्रान्समधल्या फीम नावाच्या छोट्या गावी तो जन्मला, तो दोन्ही हातांना सहा-सहा बोटं घेऊन. जास्तीची बोटं लहानपणीच शस्त्रक्रियेनं काढली. मी चाळीस वर्षं मासिकांसाठी रेखाटनं केली, तरी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसलो होतो. त्या शस्त्रक्रियेत जरा कमी-जास्त झालं असतं तर तुमच्या मुलानं पाठवलेला हा ओबेलिक्स जगात आलाच नसता.

आईवडील इटलीहून आलेले. वडील सिल्व्हिओ सुतारकाम करायचे, तंतुवाद्यंही घडवायचे. आईचं नाव इरिया. पाच मुलं, परका देश, बेताची मिळकत. १९२९ च्या सुमारास कुटुंब पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वामध्ये आलं आणि १९३४ मध्ये त्यांना फ्रेंच नागरिकत्व मिळालं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मिकी माऊसचं साप्ताहिक सुरू झालं. पोरानं डिस्नेची चित्रं बघून बघून हात बसवला. कुठल्याही कलाशाळेत तो गेला नाही.

घरच्यांनी होऊ कसं दिलं, असं तुम्ही विचारता. घरच्यांपैकी एकाचंच नाव घ्यायचं तर मी थोरल्या भावाचं घेईन. ब्रुनो त्याच्याहून सात वर्षांनी मोठा. धाकट्याच्या हातात काहीतरी आहे हे त्यानं ओळखलं आणि १९४० मध्ये त्याला पॅरिसच्या एका प्रकाशनसंस्थेत नेऊन उभं केलं. मुलांची चित्रसाप्ताहिकं काढणारी संस्था होती ती. आल्बेर तेव्हा तेरा वर्षांचा, म्हणजे तुमच्या मुलाहून लहानच. तिथे त्याला काय काम मिळालं? पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं लिहायची, दुसऱ्यांची चित्रं दुरुस्त करायची, पानाची मांडणी करायची. हे वाचताना मला पुण्यातल्या प्रोसेस स्टुडिओतली माझी पहिली दोन वर्षं आठवली. ब्रोमाइडवरचे, म्हणजे छपाईसाठी काढलेल्या फोटोकागदावरचे, डाग पांढऱ्या रंगानं बुजवत मीही असाच शिकलो. त्या कामात हात जो शिकतो तो वर्गात शिकत नाही, कारण चूक झाली तर ती छापून येते. एदमों काल्व्हो हा प्राण्यांची अप्रतिम चित्रं काढणारा बुजुर्ग तिथेच त्याला भेटला आणि त्यानं पोराला धीर दिला. पुढे कोल्हा-कावळ्याच्या गोष्टीचं विडंबन करणारं त्याचं एक चित्र छापूनही आलं.

मग युद्ध. जर्मन सक्तीच्या मजुरीला तरुण मुलं उचलून नेत होते, म्हणून ब्रुनो फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटनी प्रांतात जाऊन राहिला. पाठोपाठ आल्बेरही गेला. शेतावर राबला, समुद्र पाहिला आणि त्या किनाऱ्याच्या प्रेमातच पडला. पुढे अ‍ॅस्टेरिक्सचं गाव नकाशावर कुठे टेकवायचं हा प्रश्न आला, तेव्हा लेखक रने गोसिनीची अट एवढीच होती की गाव समुद्राजवळ हवं. उदेर्झोनं ब्रिटनीचा किनारा निवडला. रोमनांना न जुमानणारं ते गाव तिथे आहे ते ब्रुनोमागे गेलेल्या एका मुलामुळे, हे तुमच्या मुलाला जरूर सांगा.

युद्ध संपल्यावर पाच-सहा वर्षं त्यानं मिळेल ते केलं. काही दिवस अ‍ॅनिमेशन, मग मासिकांतल्या चित्रमालिका, वर्तमानपत्रांसाठी बातमीची चित्रं. १९५१ मध्ये गोसिनी भेटला. तोही परदेशातून आलेल्या आईबापांचा मुलगा. १९५३ मध्ये उदेर्झोनं आदाशी लग्न केलं. तीही इटालियन वंशाची.

१९५६ हे साल मला फार महत्त्वाचं वाटतं. चित्रकार-लेखकांना हक्क मिळावेत म्हणून काही जण एकत्र आले, तेव्हा त्यांना काम देणाऱ्या संस्थेनं गोसिनीला काढून टाकलं. लेखक शार्लिए आणि उदेर्झो त्याच्याबरोबर बाहेर पडले. त्याच वर्षी उदेर्झोच्या घरी मुलगी जन्मली, सिल्व्ही. घरात तान्हं मूल असताना मित्रासाठी बांधलेलं काम सोडायचं, आणि घरानं ते झेलायचं! अ‍ॅस्टेरिक्सवर आदाचं नाव छापलेलं नसतं, पण ती वर्षं तिनंही काढली आहेत.

तीन वर्षांनी, १९५९ च्या उन्हाळ्यात, पॅरिसजवळच्या बोबिन्यीमधल्या त्याच्या साध्या फ्लॅटमध्ये दोघं बसले. ‘पिलोत’ हे नवं साप्ताहिक निघायचं होतं. ठरवलेली कल्पना दुसऱ्या कुणीतरी आधीच चित्रांत केली होती, म्हणून हाताशी काहीच नव्हतं. त्या बैठकीत गॉल, म्हणजे रोमनांच्या काळातले फ्रान्सचे रहिवासी, सुचले. गोसिनीला छोटासा, चतुर नायक हवा होता. उदेर्झोच्या हाताला धिप्पाड माणूस काढायची ओढ होती, म्हणून त्यानं शेजारी ओबेलिक्स उभा केला. २९ ऑक्टोबर १९५९ ला पहिला अंक आला. त्याच अंकात शार्लिएबरोबर त्यानं लढाऊ वैमानिकांची मालिकाही सुरू केली. एका पानावर नाकाचे बटाटे, दुसऱ्या पानावर खिळान्‌खिळा मोजून काढलेलं जेट विमान, आणि हात एकच. १९६१ मध्ये अ‍ॅस्टेरिक्सचं पहिलं पुस्तक निघालं, त्याच्या प्रती छापल्या होत्या ६,०००.

आता रंगांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. फ्रान्समध्ये या पुस्तकांचं पान एका हातानं पूर्ण होत नसे. चित्रकार काळ्या शाईत पान संपवायचा. ती काळी रेघ फिल्मवर घेतली जायची आणि तेच चित्र फिकट निळ्यात एका वेगळ्या कागदावर छापलं जायचं. रंग त्या निळ्या कागदावर भरायचे. शेवटी छपाईत काळं वरून बसायचं. म्हणजे रंग भरणं हे वेगळं काम, वेगळ्या टेबलावरचं. अनेक वर्षं त्या टेबलावर उदेर्झोचा धाकटा भाऊ मार्सेल होता. तो स्वतःही चित्रकार. अ‍ॅस्टेरिक्सची विजार लाल आहे हे थोरल्याला ठाऊक होतं. ती लाल दिसते ना, हे धाकटा बघायचा.

तुमच्या मुलाचं पानही आत्ता तसंच माझ्यापुढे आहे. ओबेलिक्सच्या पाठीवरच्या दगडाचं वजन त्यानं गुडघ्यांत उतरवलंय. डावा पाय किंचित आत वळलाय, कारण भार डाव्या बाजूला आहे. हे कुणी शिकवलं त्याला? मी गेली कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना हेच समजावतो आणि दहांतल्या एकाच्या हातात ते येतं. केळीचं पान तपकिरी झालं, ते मला या चित्रापुढे किरकोळ वाटतं. बाईंना भेटा, डॉक्टरांचा कागद दाखवा. त्यांना हे ठाऊकच नव्हतं.

घरातल्या बोलण्याबद्दल. लाल-हिरव्यातल्या गल्लतीचा हा गुण एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं, म्हणून मामा-भाच्यात तो सारखा दिसतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर बारांतल्या एकाला तो असतो. तुमचे डोळे जसे तुम्ही निवडले नाहीत तसंच हे. तुम्हाला यासाठी कुणी बोलावं हे मला मुळीच मान्य नाही.

रंगपेटी खाली काढा. प्रत्येक नळीवर जाड अक्षरांत नाव लिहून चिकटवा. पॅलेटवर रंगांच्या जागा कायमच्या ठरवा: लाल डाव्या कोपऱ्यात तर वर्षभर डाव्या कोपऱ्यात. मिसळायचं प्रमाण वहीत लिहून ठेवू दे. घरात कुणी रंग नीट पाहणारं असेल तर त्याला मार्सेलची जागा द्या, आणि हा शब्द मुलासमोर वापरा. उपयोजित कलेला जायचं म्हणाला तर प्रवेशाआधी त्या त्या कॉलेजात स्पष्ट विचारा. पायलट किंवा रेल्वेचा चालक व्हायचं म्हणाला तर मात्र रंगदृष्टीची तपासणी आडवी येईल, ते त्याला आताच सांगून ठेवा.

आणि माझ्यासाठी एक काम. ए-थ्री कागदावर, टाक किंवा ब्रश आणि काळी शाई वापरून त्यानं एक पूर्ण पान काढावं: सहा चौकटी, सांगलीतली कुठलीही सकाळ, घाट, बाजार, काहीही. रंग एकही नको. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी त्यावर पेन्सिलीनं लिहून परत पाठवेन.