अ‍ॅश्ली या इंग्रजी नावाचा अर्थ काय? हे नाव पुरुषाचं की बाईचं?

लंडनच्या ऑफिसातले तुमचे नवे वरिष्ठ फक्त ईमेलवर भेटतात, नाव अ‍ॅश्ली, आणि त्यांना 'सर' म्हणावं की 'मॅडम' हा तुमचा प्रश्न. नुसत्या नावावरून ते ठरत नाही. आपल्याकडे किरण मोरेही आहेत आणि किरण बेदीही, तसंच हे.

अर्थ शोधताना 'अ‍ॅश' म्हणजे राख असं धरू नका. इथला अ‍ॅश हे झाड आहे आणि 'ली' म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जागा. स्टॅन्ली, शर्लीमधला 'ली' तोच. आपल्या गावांत हे झाड दिसत नाही, पण क्रिकेटचे स्टंप परंपरेने त्याच्याच लाकडाचे करतात, म्हणजे लाकूड तुम्ही नक्की पाहिलं आहे.

मुळात हे गावाचं नाव. त्यावरून आडनाव पडलं. आपण 'कर' लावतो, इंग्रज गावाचं नाव तसंच घेतात. पुढे आडनावाचं पाळण्यातलं नाव झालं, तेही मुलांचं. एकोणिसाव्या शतकात ते रुळलं त्यामागे लॉर्ड अ‍ॅश्ली यांच्याबद्दलचा आदर होता, असं मानतात. हेच पुढे शाफ्ट्सबरीचे सातवे अर्ल झाले. बायका आणि दहा वर्षांखालची मुलं यांना खाणीत उतरवायला बंदी घालणारा १८४२ चा कायदा त्यांनी लढून करून घेतला. अशा माणसाचं नाव लोकांना आपल्या मुलाला द्यावंसं वाटलं, ही गोष्ट मला फार आवडते.

अमेरिकेत मात्र चित्र पार पालटलं. १९९१ आणि १९९२ मध्ये तिथे मुलींना सर्वाधिक दिलेलं नाव हेच होतं. ब्रिटनमध्ये पुरुष अ‍ॅश्ली अजून भरपूर आहेत: फिरकी गोलंदाज अ‍ॅश्ली जाईल्स, फुटबॉलपटू अ‍ॅश्ली कोल. स्पेलिंगच्या शेवटी 'एल-ई-आय-जी-एच' असेल तर बहुधा बाई. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेटपटू अ‍ॅश्ली गार्डनर आणि टेनिसमधल्या अ‍ॅश्ली बार्टी तसंच लिहितात.

ईमेलमध्ये सरळ 'डिअर अ‍ॅश्ली' लिहा. ब्रिटिश ऑफिसांत वरिष्ठांनाही पहिल्या नावानेच हाक मारतात, त्यात उद्धटपणा नाही. खरी पंचाईत मराठीत होते, कारण 'म्हणाले' की 'म्हणाल्या' हे क्रियापद ठरवूनच बोलावं लागतं. पहिली व्हिडिओ मीटिंग होईपर्यंत सहकाऱ्यांशी बोलताना 'अ‍ॅश्लींचा निरोप आहे', 'अ‍ॅश्लींनी कळवलंय' असं म्हणा.