वेल्डिंग केबलचे टोक का तापते?

प्रश्न : पारोळा तालुक्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्याचा माझा व्यवसाय आहे. २०० अँपिअरच्या इन्व्हर्टर मशीनला २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल लावली आहे. होल्डरच्या केबलचा मशीनकडील प्लग दुपारपर्यंत इतका तापतो की हात लावता येत नाही, आणि रबर जळाल्याचा वास येतो. प्लगवर ३५-५० असे कोरलेले आहे. टोक सोल्डर करून घ्यावे काय?

उत्तर : सोल्डर करू नये. दोष आपण दिलेल्या आकड्यांतच दिसतो. ३५ ते ५० चौरस मिलिमीटरच्या केबलसाठी असलेल्या प्लगच्या पितळी नळीत २५ची केबल सैल राहते, स्क्रू मोजक्याच तारांना धरतो आणि सगळा प्रवाह तेवढ्याच स्पर्शातून जातो. त्या जागी एक मिलिओहम रोध असला, तरी २०० अँपिअरला ४० वॅट उष्णता तयार होते. त्यासाठी आपल्याकडच्या मे महिन्यातील उन्हाला बोल लावायला नको. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकते, त्यामुळे स्क्रू पुन्हा सैल होतो. शिवाय ते तारांमध्ये आत ओढले जाते आणि जेथे संपते, नेमकी तेथेच केबल वाकून तुटते.

लहान प्लग घ्यावा, असे कोणी सुचवील. परंतु त्याची पिन ९ मिलिमीटरची असते, आणि आपल्या सॉकेटला १३ मिलिमीटरची पिन लागते. ट्रॉलीच्या जाड कामासाठी ३५ची केबल घेणे हाच खरा उपाय आहे. तोवर आहे त्या केबलचे काळे पडलेले टोक छाटून चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे यावे. रबरी मूठ आधीच केबलवर सरकवून ठेवावी. ती विसरली की सगळे काम पुन्हा उघडावे लागते, आणि ती बहुतेक जण विसरतात. नळीच्या खोलीइतकेच आवरण काढावे, तेही सुरी तारांना न लागू देता, कारण अशी तार पुढे तुटतेच. उघड्या तारांवर तांब्याच्या पातळ पत्र्याचे वेढे देऊन टोक नळीत घट्ट बसेल इतके जाड करावे, म्हणजे स्क्रू तारांत न घुसता त्यांना सारखा दाबतो. अर्धा दिवस काम झाल्यावर मशीन बंद करून स्क्रू पुन्हा आवळावा. तांबे दबते, तेव्हा तो थोडा फिरतोच. प्लग सॉकेटमध्ये घालून उजवीकडे पक्का अडेपर्यंत फिरवावा, अन्यथा सॉकेटही जळेल.

त्याच दिवशी अर्थ क्लॅम्पचा लगही, म्हणजे केबलच्या टोकाची नटाने आवळलेली धातूची कडीही, उघडून पाहावा. तो दिवसभर शेडच्या धुळीत लोळतो, आणि त्याच्या नटाला पाना क्वचितच लागतो.