अमेरिकेत मालगाडीत ज्वलनशील द्रवाचे भरलेले टँकर इंजिनामागे कितव्या जागी जोडतात?

गाडी पुरेशी लांब असेल तर सहाव्या जागी किंवा त्यामागे, म्हणजे मध्ये किमान ५ वॅगन हव्यात, हे संघीय नियमावलीत (शीर्षक ४९, कलम १७४.८५) आहे. उद्देश एकच, टाकी फुटली तर कर्मचारी लांब असावेत. गाडी तेवढी लांब नसेल तर टँकर मध्याजवळ घ्यायचा, पण इंजिनाला थेट जोडायचा नाही. सगळेच टँकर असलेल्या तेलगाडीत म्हणूनच बऱ्याचदा वाळू भरलेली एकच वॅगन मध्ये दिसते. रिकाम्या, पण आत अवशेष उरलेल्या टँकरलाही एक वॅगन पुरते.

इंजिनाइतकीच टँकरला लागून असलेली वॅगन महत्त्वाची: टोकाबाहेर आलेले किंवा सरकू शकणारे पाइप, खांब असलेली उघडी वॅगन लागून नको, धक्क्याने माल सरकून टाकीचे टोक भेदू शकतो. स्फोटकांचे नियम वेगळे आहेत.