स्ट्रॉबेरीचं फूल काळं, फळ वेडंवाकडं: दुकानात पळायच्या आधी हे वाचा

थंडी वाढली तसे महाबळेश्वर तालुक्यातल्या मेटगुताड, लिंगमळा, भिलार, गुरेघर सगळीकडून तेच प्रश्न यायला लागलेत. फुलाचा मधला भाग काळा पडतोय, फळं चपटी-वाकडी येतायत, दुकानदाराने बोरॉन (एक सूक्ष्म अन्नद्रव्य) आणि "थंडीचं टॉनिक" दिलंय, मारू का? आणि पेपरात महाबळेश्वर 12 डिग्री लिहिलंय मग आमच्या शेतात बर्फ कसा?

शेवटच्यापासून सुरू करतो. पेपरातला आकडा वेधशाळेचा असतो, वेधशाळा डोंगरमाथ्यावर आणि तिथलं थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटर वर, पेटीत. तुमचं फूल जमिनीपासून वीतभर. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि उताराने खाली वेण्णा लेक, लिंगमळ्याच्या खोलगटात येऊन बसते. म्हणून वर बाजारपेठेत स्वेटरवर भागतं आणि खाली पानांवर, गाड्यांच्या टपावर दवाचा बर्फ. उमललेलं फूल उणे 1 डिग्रीच्या आसपास मरतं, कळी त्याहून जास्त सोसते. एक साधं कमाल-किमान थर्मामीटर घ्या, फुलाच्या उंचीवर काठीला बांधा, शेतातल्या सगळ्यात खालच्या वाफ्यात. टॉनिकच्या एका बाटलीपेक्षा स्वस्त पडतं.

आता फूल बघा. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, ताज्या आणि मधला पिवळा गोंडा काळा, तर ते दंवाने मेलंय. रोग नाही, कमतरता नाही, त्याच्यावर काहीही मारलं तरी त्याचं फळ होणार नाही. दुकानदार बुरशीनाशक देईल, घेऊ नका.

फळ वाकडं आलंय ते हातात घ्या आणि बिया बघा. फुगलेल्या बाजूला बिया मोठ्या, सुट्या सुट्या दिसतील आणि दबलेल्या बाजूला बारीक, एकमेकांना चिकटून गर्दी केलेल्या. जिथल्या बीला पराग मिळाला तिथलाच गर फुगतो, बाकीचा तसाच राहतो. हे परागीभवन फसल्याचं लक्षण. डिसेंबर-जानेवारीत सकाळी उशिरापर्यंत गारठा, धुकं, मधमाशी 10-12 डिग्रीच्या खाली बाहेरच पडत नाही, त्यात तुम्ही सकाळी सकाळी कीटकनाशक मारता, मग फळ वाकडं येणार नाही तर काय होणार. बोरॉन कमी असेल तर नवीन पानंसुद्धा चुरगळलेली, टोकं करपलेली दिसतात. पानं चांगली आणि फक्त फळ वाकडं असेल तर बहुधा बोरॉनचा संबंध नाही. तरी मारायचंच असेल तर फुलोऱ्याच्या आधी एकदा, लिटरला 1 ग्रॅम, बस. "डबल मारा, लवकर फरक पडेल" असं काउंटरवर कोणी सांगितलं तर तिथून उठून या, बोरॉन जास्त झालं की जुन्या पानांच्या कडा जळतात आणि जमिनीत गेलेलं सहज काढता येत नाही.

आणि हे नीट लक्षात घ्या. थंडीत फुलापासून फळ तयार व्हायला चार-पाच आठवडे लागतात. म्हणजे आज तोडताय ते वाकडं फळ मागच्या महिन्याच्या फुलाचं आहे. आज फवारून ते सरळ होत नाही!! आज सांभाळायचंय ते आजचं फूल.

टॉनिकचं म्हणाल तर त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत जिब्रेलिक (वाढ ढकलणारं संप्रेरक) असतं, डोस चढला की देठ लांबतात, रनर (जमिनीवर पसरणारे फुटवे) सुटतात, फळ मऊ पडतं. युरियाचंही तेच. थंडीत वाढ थांबली म्हणून युरिया सोडला की लुसलुशीत पाला येतो आणि दंव पहिल्यांदा त्यालाच धरतं, पुढे कोळी ही रस शोषणारी बारीक कीडही. जानेवारीत झाड बसलेलं दिसणारच, तो त्याचा ऋतू आहे, त्याला ढकलू नका.

मग करायचं काय? मी गेली कित्येक वर्षं एकच सांगतोय, क्रॉप कव्हर. बेडवर तारेच्या कमानी, वर न विणलेलं पांढरं कापड. पण वेळ पाळा. संध्याकाळी ऊन असतानाच, 4-5 वाजता झाका म्हणजे जमिनीची ऊब आत राहते, अंधार पडल्यावर झाकलं तर गारवाच कोंडला. सकाळी 9-10 ला काढा, दिवसभर झाकून ठेवलं तर माशी आत कशी जाणार? दुपारी ठिबकने पाणी द्या, ओली जमीन उष्णता धरून ठेवते, कोरडी ठेवत नाही. रात्री 3 ला उठून तुषार (स्प्रिंकलर) चालू करायचे आणि तासाभरात बंद करायचे हा प्रकार तर करूच नका, चालू केले तर ऊन येऊन बर्फ वितळेपर्यंत चालू ठेवावे लागतात, नाहीतर न केलेलं बरं. शेकोटीच्या धुराने फार काही होत नाही, डोळे मात्र चुरचुरतात.

मधमाशीसाठी सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) पेट्या ठेवा. आपल्याच तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव झालं, मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे, आणि आपण पेटी सोडून बाटली विकत आणतो. फुलोऱ्यात कीटकनाशक अगदीच लागलं तर संध्याकाळी माश्या परतल्यावर, पण कव्हर टाकायच्या आधी पानं सुकली पाहिजेत एवढा वेळ ठेवून.

बाकी महिन्यांचं थोडक्यात. जून ते सप्टेंबर इथे पाऊस किती ते तुम्हाला सांगायला नको, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लागणीला गादीवाफा उंच आणि चर मोकळे. नोव्हेंबरात ढग आणि अवकाळी आला तर करडी बुरशी. तिचं औषध फुलोऱ्यात, लेबलवर स्ट्रॉबेरी लिहिलेलं असेल तेच, फळावर केस आल्यावर मारणं म्हणजे पैसे धुरात. ती फळं तोडून शेताबाहेर न्या, चरीत टाकू नका.

योजना: मल्चिंगला (वाफ्यावरच्या आच्छादनाला) आणि ठिबकला अनुदान आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, फार्मर आयडी लागतो, आधी मंजुरी मग खरेदी. फळपीक विम्यात अंबिया बहारात स्ट्रॉबेरी आहे पण भरपाई ठरते संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यावर, तुमच्या वाफ्यातल्या दंवावर नाही, म्हणून विमा काढलाय म्हणून कव्हर नको असं करू नका.

एकाने विचारलंय, फेब्रुवारीत लाल कोळी दरवर्षी येतो तर आत्ताच औषध मारून ठेवू का? नाही. दिवस तापायला लागले, दिवस-रात्रीचा फरक वाढला की तो येतो. तेव्हा आठवड्यातून दोनदा जुनी पानं उलटून भिंगाने बघा, ठिपके हलताना दिसले तर फोन करा. तीन औषधं एका पंपात मिसळून आणू नका.