बढतीचा हिशेब रविवारच्या फोनवर नको

प्रश्न : मुलगा केमिकलचा डिप्लोमा करून लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दीड वर्षापासून शिफ्टमध्ये आहे. कामसू आहे. यंदा पगार फक्त १२०० रुपयांनी वाढला आणि बढती दुसऱ्यालाच मिळाली. तेव्हापासून त्याचा उत्साह गेला आहे. नोकरी सोडून एमपीएससी द्यावी का? त्याच्यासाठी एखादं मोटिव्हेशनचं शिबिर सुचवाल का?
– एक वडील, ता. गुहागर

उत्तर : शिबिर सुचवणार नाही. त्या १२०० रुपयांपेक्षा तुमच्या पत्रातली दुसरीच गोष्ट मला जास्त लागली. दर रविवारी फोन करून ‘साहेबांशी बोललास का?’ असं तुम्ही विचारता. गणपतीत पुण्याहून पुतण्या आला, तेव्हा भरल्या घरात दोघांच्या पगाराचा विषय निघाला आणि मुलगा ताटावरून उठला. हे तुम्ही त्याचा स्वभाव चिडका झाला याचा दाखला म्हणून लिहिलंय. मला त्यात अपमान दिसतो. आठवडाभर पाळ्या करून थकलेल्या पोराला सुट्टीच्या दिवशी पुन्हा हजेरी द्यावी लागत असेल, तर उत्साह टिकेल कसा?

‘मन लावून काम केलं की बढती मिळतेच’ हा समज मात्र मुळातून काढायला हवा. प्लांटमध्ये बढतीसाठी आधी वरची जागा रिकामी व्हावी लागते. एका शिफ्टला इनचार्ज एकच असतो. तो निवृत्त झाला, सोडून गेला किंवा नवा प्लांट उभा राहिला, तरच खालच्याचा नंबर लागतो, आणि त्या वेळी पाच-सात वर्षं काढलेला माणूस पुढे असणं स्वाभाविक आहे. वार्षिक वाढीचंही तसंच. बहुतेक ठिकाणी वाढीसाठी किती रक्कम द्यायची हे वरून ठरून येतं आणि साहेब तेवढ्यातच वाटणी करतात. चांगल्या कामाने शक्यता वाढते, हमी मिळत नाही. तुमची हापूसची कलमं आहेत असं लिहिलंय. एखाद्या वर्षी मोहोर गळला म्हणून तुम्ही कलमावर कुऱ्हाड चालवत नाही.

याचा अर्थ मिळेल ते निमूट घ्यावं असा नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो का हे त्याने पगाराच्या स्लिपवर बघावं, आणि पीएफमध्ये त्याच्या १२ टक्क्यांसोबत कंपनीचा वाटाही दर महिन्याला जमा होतो का, हे पासबुकात. बोनसच्या पगारमर्यादेत बसत असेल तर किमान ८.३३ टक्के बोनस त्याला मिळायलाच हवा. हे हक्काचे पैसे आहेत. तिथे संकोच नको आणि उशीर झाला तर लेखी विचारावं. बढती, शाबासकी, साहेबांची मर्जी यांचा मात्र महिन्याच्या हिशेबात आकडा धरू नये. ज्यांनी तो धरला ती पोरं तिशीच्या आत कडवट झालेली मी पाहिली आहेत.

आता त्याच्या उत्साहाबद्दल. तो गेलेला नाही. तुम्हीच लिहिलंय की नाइट शिफ्टला पंपाचा आवाज बदललेला त्याच्या कानाने टिपला, त्याने स्टँडबाय म्हणजे राखीव पंप सुरू केला आणि लॉगशीटमध्ये वेळेसकट नोंद केली. सकाळी पंप उघडला तर गळती अडवणारं सील गेलेलं. पुढे तुमचं वाक्य आहे, ‘पण साधं प्रशस्तिपत्रही नाही.’ अहो, दीड वर्षात मशीनचा आवाज ओळखणारा मुलगा आहे तो! त्या रात्री पंप तसाच चालू राहिला असता तर गळती झाली असती, आणि केमिकलच्या प्लांटमधली गळती म्हणजे काय हे लोट्याच्या आसपास राहणाऱ्याला सांगायला नको. हे त्याला घरातल्या कोणी बोलून दाखवलं का? अशा नोंदी त्याने स्वतःच्या वहीतही तारखेसह ठेवाव्यात. पुढच्या मुलाखतीत त्याच उपयोगी पडतील.

एमपीएससीचं विचाराल तर राज्यसेवेसारख्या बहुतेक परीक्षांना डिप्लोमावर बसता येत नाही, आधी पदवी लागते. थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाण्याची वाट उघडी आहे. पुरेसा अनुभव झाल्यावर औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमाही करता येईल. पंपाची गोष्ट वाचून मला तोच त्याच्यासाठी जास्त योग्य वाटतो.

पण नोकरी सोडायची की नाही, हे त्याने विचारल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्याला खरंच सोडायची असेल तर पुढचं पत्र त्याने लिहावं. त्याला वेगळं उत्तर देईन.